सही एकाची, व्यवहार दुसऱ्याचा
लोकप्रतिनिधींच्या जोडीदाराचा धंदा आणि आपले मत



‘जमीन मंत्रिमहोदयांनी घेतलीच नाही, त्यांच्या पत्नीने घेतली. मग त्यात मंत्र्यांचा दोष तो काय?’ हा प्रश्न २०१६ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात घरोघरी, चहाच्या टपरीपासून विधान भवनापर्यंत विचारला गेला. प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. परंतु वडशाच्या नगर परिषदेपासून कुरखेडा-आरमोरीकडील लहानशा ग्रामपंचायतीपर्यंत तोच प्रश्न निराळ्या रूपात आपल्यापुढे उभा असतो, आणि त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात तो जरा उलगडून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम मूळ प्रकरण. श्री. एकनाथ खडसे हे २०१४ पासून राज्याचे महसूलमंत्री होते. एप्रिल २०१६ मध्ये त्यांच्या पत्नी सौ. मंदाकिनी खडसे आणि त्यांचे जावई यांनी पुण्याजवळील भोसरी येथे सुमारे तीन एकर जमीन ३ कोटी ७५ लाख रुपयांना खरेदी केली. ही जमीन आपण पूर्वीच संपादित केली आहे, असा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा दावा होता. संपादन पूर्ण झालेलेच नाही आणि मोबदलाही दिला गेलेला नाही, असा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद होता. जमिनीची किंमत बाजारभावापेक्षा फार कमी दाखविली गेली, तसेच खरेदीच्या आधी काही दिवस मंत्रिमहोदयांनी याच जमिनीविषयी अधिकाऱ्यांची बैठक घेतली, असे आरोप झाले. ४ जून २०१६ रोजी श्री. खडसे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. निवृत्त न्यायमूर्ती झोटिंग यांची चौकशी समिती नेमली गेली. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आणि नंतर सक्तवसुली संचालनालय यांनी तपास केला व २०२१ साली जावयांना अटकही झाली. खडसे कुटुंबाने सर्व आरोप नाकारले आहेत. मधल्या काळात श्री. खडसे यांनी पक्ष बदलला, त्यामुळे तपासाला राजकीय रंग असल्याचेही बोलले गेले. कोण दोषी व कोण निर्दोष हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे ख्रिस्ती माणसाने तरी विसरू नये.

तथापि निकाल काहीही लागो, नैतिक प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. महसूलमंत्री म्हणजे राज्यातील जमिनीच्या नोंदींचा, संपादनाचा, वादांचा अखेरचा धनी. अशा माणसाच्या घरात शासनाशी वाद असलेली जमीन विकत घेतली जाते, तेव्हा त्या व्यवहारात एका बाजूला कुटुंब बसते आणि दुसऱ्या बाजूला, शासनाच्या खुर्चीवर, त्याच कुटुंबाचा प्रमुख. सातबारावर नाव कोणाचे हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो. त्या जमिनीच्या भवितव्याविषयी लेखणी कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मुख्य.

आपल्या भागातील एक उदाहरण घेऊ. कोणी असे केले असा आमचा मुळीच दावा नाही, केवळ समजण्यापुरते बोलतो. वडसा हे गडचिरोली जिल्ह्याचे रेल्वे स्थानक म्हणून सर्वांना ठाऊक आहे. वडसा-गडचिरोली या नव्या मार्गासाठी शेतजमिनी संपादित झाल्या. समजा, मार्ग कोणत्या शिवारातून जाणार हे जाहीर होण्यापूर्वी एखाद्या पदाधिकाऱ्याला बैठकीत कळले, आणि आठ दिवसांनी त्याच्या पत्नीने त्याच शिवारात धानाची दोन एकर जमीन गरजू शेतकऱ्याकडून चालू भावाने घेतली. खरेदीखत खरे, मुद्रांक शुल्क भरलेले, पैसे बँकेतून दिलेले. कागदात कोठेही खोट नाही. तरीही त्या शेतकऱ्याला जे ठाऊक नव्हते ते विकत घेणाऱ्या घराला ठाऊक होते, आणि ते ठाऊक झाले लोकांनी दिलेल्या पदामुळे. वाढीव मोबदल्यातील शेतकऱ्याचा वाटा कागदावर कोणीच चोरला नाही, पण तो त्याच्या हातून गेला.

येथे दोन टोकाच्या चुका आपण टाळल्या पाहिजेत. पहिली चूक अशी, की राजकारण्याची पत्नी म्हणजे निव्वळ मुखवटा, तिच्या नावावर जे आहे ते सारे नवऱ्याचेच, असे गृहीत धरणे. हा त्या स्त्रीचा अपमान आहे. विवाहाने स्त्रीची बुद्धी, कसब आणि कष्टाची मिळकत पतीच्या खात्यात जमा होत नाही. सौ. खडसे या स्वतः जळगाव जिल्हा दूध संघाच्या अध्यक्षा राहिलेल्या, सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या महिला आहेत. शिक्षिका, डॉक्टर, भातगिरणी चालविणारी उद्योजिका यांनी, केवळ पती निवडून आला म्हणून, आपला व्यवसाय गुंडाळावा असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. कायदाही तसे म्हणत नाही. बेनामी व्यवहारांविषयीचा १९८८ चा कायदा २०१६ साली अधिक कडक झाला. त्यातही, ज्ञात व कायदेशीर उत्पन्नातून पती-पत्नीच्या नावे घेतलेली मालमत्ता बेनामी ठरत नाही. स्त्रीच्या नावे घर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देण्याचे धोरणही २०२१ पासून आले.

दुसरी चूक याच्या उलट. ‘तिचा धंदा तिचा, माझे पद माझे’ असे म्हणून हात झटकणे. चूल एक, ताट एक, मुलांचे शिक्षण एकाच मिळकतीतून, आणि ठेकेदारीचे बिल मंजूर करताना मात्र दोघे परके! आपल्या गावात हे ऐकून कोणी हसल्याशिवाय राहणार नाही.

ही दुसरी चूक शासनानेही ओळखली आहे. मंत्र्यांसाठी आचारसंहिता १९६४ पासून अस्तित्वात आहे आणि ती केंद्रातील तसेच राज्यातील मंत्र्यांना लागू आहे. शासनाला माल वा सेवा पुरविणारा, किंवा मुख्यतः शासनाच्या परवान्यांवर, कोट्यांवर व भाडेपट्ट्यांवर चालणारा धंदा मंत्र्याच्या कुटुंबीयांनी सुरू करू नये, याची काळजी मंत्र्याने घ्यावी, असे ती सांगते. नेहमीच्या व्यापारात, बाजारभावाने होणारी विक्री यातून वगळली आहे. तिच्यातील एक बारकावा आम्हांस विशेष बोलका वाटतो. पद स्वीकारताना मंत्र्याने काही धंद्यांचे व्यवस्थापन सोडावे लागते. ते आधीपासून त्या कामात असलेल्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीकडे सोपविण्याची मुभा आहे, मात्र पत्नीकडे किंवा पतीकडे नाही. संहिता लिहिणाऱ्यांना मनुष्यस्वभाव ठाऊक होता, इतकेच म्हणावयाचे. अडचण एवढीच, की ही संहिता म्हणजे कायदा नव्हे. ती मोडणाऱ्यास शिक्षा करणारे न्यायालय नाही. सारा भार पंतप्रधान वा मुख्यमंत्री यांच्या इच्छाशक्तीवर.

मतदाराच्या हाती मात्र थोडे अधिक आले आहे, तेही न्यायालयामुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांनंतर विधानसभा व लोकसभेच्या उमेदवाराला स्वतःबरोबरच पती-पत्नी व अवलंबितांची मालमत्ता आणि कर्जे शपथपत्रात लिहावी लागतात. २०१८ साली न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले: मालमत्ता किती एवढे सांगून भागणार नाही, उमेदवाराच्या व जोडीदाराच्या उत्पन्नाचा स्रोत काय, आणि शासनाशी त्यांचे कोणते ठेके आहेत, हेही सांगावे लागेल. ही शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. आपल्यापैकी किती जण ती वाचतात?

विलायतेतील एक प्रकरण येथे उपयोगी पडेल. तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या पत्नी अक्षता मूर्ती, म्हणजे इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांच्या कन्या, यांचे एका बालसंगोपन संस्थेत समभाग होते. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पातील एका योजनेमुळे अशा संस्थांना लाभ होण्याचा संभव होता. संसदीय समितीत याविषयी विचारले असता सुनक यांनी त्या समभागांचा उल्लेख केला नाही. चौकशी झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये, नियमभंग झाला पण तो अनवधानाने, असा निष्कर्ष निघाला. सुनक यांनी दिलगिरी व्यक्त केली. ध्यानात घेण्यासारखे हे, की पत्नीने समभाग का ठेवले असा आक्षेप त्या निष्कर्षात नव्हता. विचारले तेव्हा सांगितले का नाही, एवढाच होता.

आता आपल्या अंगणात येऊ. मंत्री आणि पंतप्रधान दूरचे. गावपातळीवर हा प्रश्न बहुधा उलटा असतो, आणि त्याची झळ अधिक बसते. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. आपल्या धर्मग्रामांतील बचत गटांत काम केलेल्या कित्येक भगिनी या वाटेने पुढे येऊ शकतात, ही आनंदाची गोष्ट. पण येथे ‘राजकारण्याचा जोडीदार’ म्हणजे पती. सही तिची, नाली, सिमेंट रस्ता, शाळेची भिंत यांचा ठेका त्याचा, नाहीतर त्याच्या मित्राच्या नावे. बैठकीला तोच बसतो आणि ठराव तोच सांगतो. नंतर प्रश्न उपस्थित होतो तेव्हा पद मात्र तिचे जाते.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४ सांगते, की पंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात किंवा पंचायतीच्या ठेक्यात ज्याचा प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष, स्वतः अथवा भागीदारामार्फत, हिस्सा वा हितसंबंध आहे, तो सदस्य राहू शकत नाही. नगर परिषदांच्या १९६५ च्या अधिनियमातही याच आशयाची तरतूद आहे. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द येथे मोलाचा. पतीने घेतलेला ठेका हा पत्नीचा अप्रत्यक्ष हितसंबंध होतो काय?

गोव्यातील एका पंचायत सदस्येच्या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर होकारार्थी दिले. पंचायतीची कामे तिच्या पतीने घेतली होती. तिचे सदस्यत्व रद्द झाले. मात्र त्या निकालाचा एक आधार गोव्याचा जुना पोर्तुगीज नागरी कायदा हा होता. त्यानुसार विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामायिक होते, म्हणून पतीच्या मिळकतीत पत्नीचा वाटा आपोआप येतो. आपण गोव्याबाहेरील कॅथलिक त्या कायद्याखाली येत नाही. विदर्भातील ख्रिस्ती पती-पत्नींची मालमत्ता कायद्याने वेगवेगळीच मानली जाते. तेव्हा आपल्याकडे केवळ विवाहाच्या नात्यावरून अपात्रता सिद्ध होईल असे नव्हे, हितसंबंध पुराव्याने दाखवावा लागेल. ठेक्याचे पैसे कोणत्या खात्यात गेले, ठरावावर मत कोणी दिले, बिल कोणी मंजूर केले, हे तपासले जाईल.

पण या फरकावर फार विसंबू नये. शासकीय जागेवरील अतिक्रमणाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली महाराष्ट्रातील ग्रामपंचायत सदस्येला अपात्र ठरविले. अतिक्रमण तिने स्वतः सुरू केले नव्हते, सासरच्या घराचे होते. ती त्याच जागेत राहून त्याचा लाभ घेत होती, हे पुरेसे मानले गेले.

मग प्रामाणिक कुटुंबाने करावे काय? पत्नी निवडून आली आणि पती ठेकेदार असेल, तर त्या पंचायतीची कामे त्याने तेवढ्या कालावधीसाठी सोडावीत. शेजारच्या तालुक्यात कामे मिळतात. धंदा पंचायतीशी संबंध नसलेला असेल तर तो निर्धास्त चालवावा. कधी तरी संबंध आलाच, तर तो सभेत उघडपणे सांगून, इतिवृत्तात नोंदवून, त्या विषयापुरते बाहेर बसावे. यात नुकसान आहे, हे आम्ही नाकारत नाही. लहान गावात सिमेंट-गिट्टीचे एकच दुकान असते आणि ते नेमके सरपंचबाईंच्या घरचे असू शकते. अशा वेळी दर सर्वांसमोर मागवून, लेखी ठेवून खरेदी करणे हाच मार्ग उरतो.

इतरांना उपदेश करण्यापूर्वी ख्रिस्तसभेने स्वतःला काय नियम घातला आहे तेही सांगितले पाहिजे. १९८३ च्या धर्मसंहितेतील नियम १२९८ अन्वये, किरकोळ बाब वगळता, चर्चची मालमत्ता तिच्या व्यवस्थापकांना अथवा नात्याच्या चौथ्या पायरीपर्यंतच्या त्यांच्या रक्ताच्या वा सासरच्या नातेवाईकांना, वरिष्ठांच्या खास लेखी परवानगीवाचून, विकता किंवा भाड्याने देता येत नाही. धर्मग्रामाची पडीक जागा किंवा दुकानगाळा वित्त समितीतील सदस्याच्या मेहुण्याला देताना हा नियम आठवावा. तो पाळताना आपली चिडचिड होते, हेही खरेच. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील हनन्या आणि सप्पीरा यांची कथा आपण सारे जाणतो. तीही जमिनीच्या विक्रीचीच आहे, आणि पेत्राने पत्नीला तिच्या पतीच्या उत्तरात धरले नाही. तिला स्वतंत्रपणे, तिच्या तोंडून, विचारले.

राहिला प्रश्न शंका आल्यास काय करावे याचा. चावडीवर कुजबुज करू नये, त्याने निरपराधाचे नाव खराब होते आणि अपराध्याचे काही बिघडत नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. ठेक्याचा करारनामा, मोजमाप पुस्तिका, देयक आणि ठरावाच्या सभेचे इतिवृत्त यांच्या प्रती त्याखाली मागता येतात. ग्रामसभेत लेखी प्रश्न विचारता येतो. आणि कागद खरोखरच बोलत असतील, तर ग्रामपंचायत सदस्याच्या अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. वडसा तालुक्यातील गावांसाठी तो गडचिरोली येथे द्यावा लागेल. अर्जास कागदपत्रे जोडावीत, ऐकीव गोष्टी जोडू नयेत. ज्या सदस्येविरुद्ध अर्ज आहे तिचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय निर्णय होत नाही.