संगणकातल्या ग्रहाचा पृष्ठभाग

संगणकावर ग्रह घडवताना गोल काढणे सोपे असते. त्याला खरी वाटणारी भूमी देणे अवघड. दुरून खंडांचे आकार दिसले पाहिजेत, जवळ गेल्यावर पर्वतरांगा आणि अगदी खाली उतरल्यावर खडक. प्रत्येक उंचीवरून नवा तपशील दिसला, तरच डोळ्यांना तो ग्रह पटतो.

पहिला उपाय म्हणजे गोलावर तयार चित्र गुंडाळणे. पण पृथ्वीचा परीघ विषुववृत्तावर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. ८,००० ठिपके रुंदीचे चित्र घेतले, तरी एका ठिपक्यात ५ किलोमीटर भूमी मावते. जवळ जाताच चित्र पुसट होते. जिम ब्लिन यांनी १९७८ मध्ये ‘बम्प मॅपिंग’ मांडले. त्यात पृष्ठभाग प्रत्यक्षात गुळगुळीतच राहतो. फक्त प्रकाशाचे गणित करताना पृष्ठभागाची दिशा जागोजागी किंचित बदलली जाते. त्यामुळे उंचवट्यांचा भास होतो, मात्र गोलाची कड गुळगुळीतच दिसते.

खरा उंचसखलपणा देण्याची वाट फ्रॅक्टल भूमितीने दाखवली. डोंगराचा छोटा तुकडाही डोंगरासारखाच ओबडधोबड असतो, हे बेन्वा मँडलब्रॉट यांच्या विचारांचे सूत्र. लॉरेन कार्पेंटर यांनी ते वापरून १९८० मध्ये ‘व्होल लिब्रे’ हा पर्वतांवरून उड्डाण घडवणारा लघुपट केला. त्रिकोण पुन्हापुन्हा विभागायचा आणि प्रत्येक वेळी नवे बिंदू थोडे वरखाली सरकवायचे, अशी ती रीत. १९८२ च्या दुसऱ्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात निर्जीव ग्रह सजीव होतानाच्या दृश्यातले पर्वतही फ्रॅक्टल पद्धतीनेच घडवलेले होते.

केन पर्लिन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘नॉईज’ आज या कामाचा पाया आहे. त्यात यादृच्छिक चढउतार एकमेकांत सलगपणे मिसळतात. असे अनेक थर एकावर एक रचतात. साधारणपणे प्रत्येक पुढच्या थरातले उंचवटे आधीच्या निम्म्या आकाराचे आणि निम्म्या उंचीचे असतात. मोठे थर खंड घडवतात, बारीक थर खडक. हा नॉईज त्रिमितीय अवकाशात मोजला की ध्रुवांपाशी चुण्या पडत नाहीत. ज्या आकड्यावरून नॉईजचे गणित सुरू होते, तो तोच ठेवला की ग्रहही तोच उभा राहतो, म्हणून सगळी भूमी साठवून ठेवावी लागत नाही. ‘नो मॅन्स स्काय’ (२०१६) या खेळातले असंख्य ग्रह असेच गरजेनुसार तयार होतात.

तरीही नुसता नॉईज सगळीकडे सारखाच खडबडीत असतो. खऱ्या भूमीला इतिहास असतो: पाणी शिखरे कोरते आणि गाळ दरीत साचवते. म्हणून केन मसग्रेव्ह यांनी शिखरे खडबडीत आणि दऱ्या गुळगुळीत ठेवणारी सूत्रे रचली; सहकाऱ्यांसोबत १९८९ मध्ये धूप घडवणारे गणितही मांडले. रंगही कारणांनुसार ठरतात. बर्फ उंचावर आणि ध्रुवांकडे साचते, पण उभ्या कड्यावर टिकत नाही. चंद्रासारख्या ग्रहगोलावर लहान विवरे पुष्कळ, मोठी थोडी आणि नवी विवरे जुन्यांवर उमटलेली दाखवावी लागतात.

चंद्र आणि मंगळ यांची उंची आता यानांवरील लेझर उपकरणांनी मोजलेली आहे. तिथे मूळ आकार मोजमापातून घेतात आणि मोजमाप अपुरे पडेल तिथे बारीक तपशील नॉईजने भरतात. चित्रपटात वा खेळात त्याने काही बिघडत नाही. विज्ञान समजावणाऱ्या चित्रात मात्र मोजलेले किती आणि कल्पिलेले किती, हे प्रेक्षकाला स्पष्ट सांगितलेच पाहिजे.