एवढ्याशाने काय होतंय?

पोळी बंद, पाव बंद, बिस्किट बंद. तरी आयुष्य बंद पडत नाही! सिलिअ‍ॅक डिसीजसोबत ऑफिस, पार्टी आणि कांदेपोहे सांभाळण्याचा हा अनुभव...

ऑफिसमध्ये कुणाचाही वाढदिवस असला की मी केकला 'नको' म्हणते. त्यावर ठरलेले तीन प्रश्न येतात. 'डाएटवर आहेस?', 'उपास आहे?' आणि डोळे मिचकावत, 'लग्नबिग्न ठरलंय की काय?' तिन्हींचं उत्तर 'नाही'. मला सिलिअ‍ॅक डिसीज आहे, असं सांगितलं की चौथा प्रश्न येतो. 'अगं, पण एवढ्याशाने काय होतंय?' खरी लढाई आहे ती या चौथ्या प्रश्नाशी!

झोल नेमका काय?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रोटीन असतं. कणकेला ताण येतो, पाव फुगतो, ती सगळी त्याची करामत. बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. सिलिअ‍ॅक असलेल्यांच्या शरीराला मात्र ते शत्रू वाटतं आणि त्याच्याशी भांडता भांडता आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या लहान आतड्याला जखमी करते. आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं तिथूनच रक्तात जातात. ते झिजून सपाट झाले की कितीही खा, अंगी लागत नाही. थोडक्यात, ही साधी अ‍ॅलर्जी नाही आणि फॅड तर नाहीच. त्यावर गोळी नाही. आयुष्यभर ग्लुटेन बंद, एवढाच उपचार.

गव्हाचा हा गुन्हा पकडला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. त्यांना संशय आधीपासूनच होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी, पण त्यांचे हे छोटे पेशंट सुधारायला लागले! पाव परत आला आणि पोरं पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिकेंनी यावर प्रबंधच लिहिला.

'हा तर उत्तरेकडच्यांचा आजार' असंही ऐकायला मिळतं. त्यात थोडं तथ्य आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर भारतात शंभरात सव्वा, तर दक्षिणेत हजारात एक असं प्रमाण आढळलं होतं. उत्तरेत गहू जास्त खाल्ला जातो, हा मोठा फरक. पण आपल्या डब्यातही रोज पोळी असतेच की!

पोट नाही, हिमोग्लोबिन!

गंमत म्हणजे माझं पोट कधी फारसं दुखलंच नाही. हिमोग्लोबिन मात्र आठच्या वर सरकायला तयार नव्हतं. तीन वर्षं लोहाच्या गोळ्या गिळल्या. सतत तोंड यायचं. ऑफिसचे दोन जिने चढले की धाप लागायची. सगळे म्हणायचे, 'आयटीवाल्यांचं असंच असतं, झोप नाही ना!' शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी टीटीजी ही रक्ताची टेस्ट करायला सांगितली. ती पॉझिटिव्ह आली. मग एंडोस्कोपी करून आतड्याचे बारीक तुकडे तपासले आणि निकाल पक्का झाला. हा आजार जीन्समधून येतो. जवळच्या नात्यात साधारण दहात एकाला तो असू शकतो, म्हणून भावाचीही टेस्ट केली. तो सुटला. आता माझ्या वाटच्या पोळ्याही तोच खातो!

थँक गॉड, मी मराठी आहे!

पास्ता आणि पिझ्झाच्या देशात जन्मले असते तर रडले असते. इथे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, पोहे, डाळी, सगळं चालतं. पिठलं-भाकरी म्हणजे शंभर टक्के ग्लुटेन-फ्री. २०२३ हे मिलेट वर्ष झाल्यापासून तर ती कूलसुद्धा झाली. मॉलमधला ग्लुटेन-फ्री ब्रेड खिसा रिकामा करतो. त्यापेक्षा मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी कधीही भारी.

मग प्रॉब्लेम कुठे आहे? तर गिरणीत! आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, मागून माझी ज्वारी. पिठात गहू येणारच. म्हणून पहिला बोनस मिळाला तेव्हा मी फोन बदलला नाही, घरघंटी घेतली. फ्लॅटमध्ये आम्ही तिघी राहतो. माझा तवा, चाळणी आणि लाकडी उलथनं वेगळं. त्यावर लाल टेप लावलीय. रूममेट त्याला 'एलओसी' म्हणतात.

दुसरा छुपा रुस्तुम म्हणजे हिंग. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. म्हणून वरण, सांबार, पापड, लोणचं... प्रत्येक गोष्टीची चौकशी. सोया सॉसमध्येही गहू असतो, त्यामुळे टीम लंचला चायनीज म्हटलं की मी फक्त बिल वाटून घेते. बिअर जवाची, म्हणून बाद, वाइन चालते. इडली-डोसा चालतो, रवा डोसा नाही. फ्रेंच फ्राइज बटाट्याचे, पण कढईत आधी समोसे पोहून गेलेले असतात! आणि हो, खपली गहू हासुद्धा गहूच. तो 'हलका' असेल, ग्लुटेन-फ्री नाही.

यावर उतारा म्हणजे आषाढी एकादशी. त्या दिवशी अख्खं कॅन्टीन साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा यांच्यावर येतं आणि माझ्यासाठी मेन्यू कार्ड उघडतं. एकादशी, दुप्पट खाशी... मी चौपट खाते!

आग्रहाचं काय करायचं?

आता तो चौथा प्रश्न. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं, तरी पेशंटच्या आतड्यावर परिणाम दिसला. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग! त्यामुळे 'एवढंसं' नावाचा प्रकार माझ्यासाठी नाहीच.

हे मावशीला सत्यनारायणाच्या शिऱ्यापुढे कसं सांगायचं? 'प्रसादाला नाही म्हणू नये गं!' मी वाटी कपाळाला लावते, भावाकडे सरकवते आणि तीर्थ घेते. देव समजून घेतो, मावशीला दोन वर्षं लागली. या गणपतीत तिने उकडीचे मोदक केले आणि हक्काने म्हणाली, 'हे घे, तांदळाचे आहेत. पातेलंही वेगळं होतं.' डोळ्यांत पाणीच आलं.

सगळ्यात कठीण पेपर मात्र स्थळांचा. आई म्हणायची, 'आधी ठरू दे, मग सांगू. पोहे तर चालतात ना तुला?' मी ऐकलं नाही. जे रोज तीन वेळा ताटात येणार, ते लपवायचं कसं आणि का? पहिल्या घरून निरोप आला, 'मुलीला काहीतरी आजार आहे म्हणे.' आई दोन दिवस बोलली नाही. दुसऱ्या ठिकाणी मुलाने विचारलं, 'मग आपण बाहेर जेवायला कुठे जायचं?' या 'आपण'वर अजून भेटी सुरू आहेत! बघू या.

आज हिमोग्लोबिन साडेबारा आहे, टीटीजी नॉर्मल आहे आणि जिने मी गप्पा मारत चढते. चार पोळ्यांच्या बदल्यात हा सौदा वाईट नाही.

हे लक्षात ठेवा

* गोळ्या घेऊनही अ‍ॅनिमिया हटत नसेल, तर सिलिअ‍ॅकच्या टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा.
* टेस्टआधी गहू सोडू नका. रिपोर्ट उगाच नॉर्मल येऊ शकतो.
* पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' शोधा. भारतातल्या नियमानुसार त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.
* भाजणी, सातूचं पीठ, ओट्स विचारल्याशिवाय खाऊ नका. त्यांत गहू किंवा जव मिसळलेला असू शकतो.
* मित्राला सिलिअ‍ॅक असेल तर एकदा विचारा, दुसऱ्यांदा आग्रह नको. शेंगदाण्याची चिक्की ड्रॉवरमध्ये ठेवलीत, तर तो जन्मभर नाव घेईल!