संध्याकाळची यादी

मुंबईत सात रस्त्याजवळ, आर्थर रोड कारागृहाच्या बाहेर, एक जामीन पेटी आहे. कोर्टाने जामीन दिला, जामीनदार उभा राहिला, कागदांवर शिक्के पडले, तरी सुटकेचा आदेश या पेटीतून आत न्यायविभागाच्या टेबलावर जाईपर्यंत माणूस आतच. पेटी दिवसातून ठरलेल्या वेळांनाच उघडते. २०२१च्या ऑक्टोबरात शाहरुख खानच्या मुलाचे कागद संध्याकाळच्या शेवटच्या वेळेत पोचले नाहीत आणि त्याला आणखी एक रात्र आत काढावी लागली. तोवर वकिलांना आणि कैद्यांच्या नातेवाइकांनाच माहीत असलेली ही पेटी मग घराघरांत टीव्हीवर दिसली. तिथल्या रस्त्याचं आजचं नाव साने गुरुजी मार्ग. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिणाऱ्या माणसाचं नाव तुरुंगाच्या रस्त्याला देणं ज्याला सुचलं, त्याला दाद द्यायला हवी.

संपादकांना माझ्याकडून लेख हवा होता तुरुंगातल्या समुपदेशनावर. चार समुपदेशक, एक मानसोपचारतज्ज्ञ, एखादा अधीक्षक, झालं, असा त्यांचा हिशोब. पण मुंबई परिसरातल्या एका मध्यवर्ती कारागृहात काम करणाऱ्या एका सामाजिक कार्यकर्तीने पहिल्या भेटीतच विषय फिरवला. आतले कैदी तिला ताई म्हणतात, शिपाई मॅडम म्हणतात. नाव छापायचं नाही असं ठरलंय, तेव्हा मीही ताईच म्हणते. त्या म्हणाल्या, "आत असेपर्यंत माणूस कसाबसा सांभाळला जातो हो. डॉक्टर आहेत, गोळी समोर उभं राहून गिळायला लावतात. पण तो संध्याकाळी साडेसातला गेटबाहेर उभा राहतो ना, तेव्हा त्याच्या खिशात काय असतं, ते विचारा."

आकड्यांचं आधी उरकते. तुरुंगांवरच्या २०२२ च्या राष्ट्रीय अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेले. त्या वर्षी तुरुंगांत १५९ अनैसर्गिक मृत्यू झाले, त्यांपैकी ११९ आत्महत्या. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तिथल्या मध्यवर्ती कारागृहात पाच हजारांवर कैदी तपासून २०११ साली अहवाल काढला. व्यसनांचे आजार बाजूला ठेवले तरी २७.६ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार निघाला. महाराष्ट्रात टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून तुरुंग आणि पोलीस ठाण्यांत सामाजिक कार्यकर्ते बसवतो आहे, म्हणजे ही कल्पना इथे नवी नाही.

यातला 'कच्चा' हा शब्द सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्याची सुटकेची तारीख वॉरंटवरून काढता येते. माफीचे दिवस वजा करून न्यायविभागातला कारकून ती पेन्सिलीने लिहून ठेवतो. कच्च्या कैद्याला तारीख नसते, तारखा असतात. तो सकाळी कोर्टात पेशीला जातो, किंवा तुरुंगातल्या व्हिडिओ कॉन्फरन्सच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, आणि संध्याकाळी सुटतो, किंवा सहा महिने सुटत नाही. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर दोन दिवस आधी घरच्यांना बोलावून घेतात. इथे डॉक्टरांना पेशंट गेल्याचं दुसऱ्या दिवशीच्या राउंडला कळतं.

यावर ताईंचा उपाय म्हणजे एक लांब, आडवी, कापडी बांधणीची वही. मानसोपचाराचं औषध चालू असलेल्या प्रत्येकाला तिच्यात एक पान. पान उघडतं तो माणूस तुरुंगात आल्यावर पहिल्या आठवड्यात, आणि त्यावर पहिला प्रश्न असतो: आज सुटलास तर कुठे जाशील? "त्याला वाटतं मी चेष्टा करतेय," ताई म्हणाल्या. "परवाच आत आलाय, आणि ही बाई सुटण्याचं विचारते."

मी सगळ्यात जास्त वेळ पाहिलं ते फोन नंबर शोधण्याचं काम. अटकेच्या वेळी मोबाइल आणि पाकीट मुद्देमालात जमा होतं. पाकिटात आधार कार्ड असतं, मोबाइलमध्ये घरच्यांचे नंबर. नंबर पाठ असण्याचे दिवस गेले. ताई समोर बसून आकडे काढून घेतात, कधी नऊच आठवतात. मग मधली एक जागा मोकळी सोडून दहा शक्यता मांडायच्या. तुरुंगात मोबाइल नेता येत नाही, तो गेटवर जमा असतो, म्हणून फोन होतात संध्याकाळी, बाहेरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून. मी होते त्या दिवशी सातव्या प्रयत्नाला बीडच्या एका गावातली बाई लागली. तिने आधी सांगितलं, आमचा कुणी मुंबईत नाही. ताईंनी तुरुंगाचा त उच्चारला नाही; "तुमच्या भावाची तब्येत आता बरी आहे, त्याने तुमचा नंबर दिला," एवढंच म्हणाल्या. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग ती बाई म्हणाली, "जेवतो का?" वहीतल्या पानावर ताईंनी बहीण असं लिहिलं, नंबर लिहिला, आणि कंसात 'जेवतो का विचारलं'. असं विचारणारं माणूस पुढे न्यायला येतं, हा त्यांचा अनुभव. नंबर लागलाच नाही तर गावचा पोलीस पाटील, रेशन दुकानदार, शाळेचे हेडमास्तर. सरपंचाला फोन त्या शक्यतो करत नाहीत, गावभर होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्ड. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधापुढे १-०-१ असं लिहिलेलं असतं, सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एका कैद्याच्या भावाने ते एकशे एक वाचलं होतं. तेव्हापासून ताई जाड कार्डावर सूर्य आणि चंद्र काढतात आणि त्यापुढे गोळीच्या रंगाचा ठिपका. मागे जवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीचा वार आणि टेली-मानस या हेल्पलाइनचा नंबर, १४४१६. कार्डावर तुरुंगाचं नाव कुठेही नाही. केसपेपर मात्र कारागृह रुग्णालयाचा, त्यावर शिक्का ठळक. तो घेऊन गावाकडच्या दवाखान्यात जायला कुणी तयार होत नाही, म्हणून इथले वैद्यकीय अधिकारी साध्या कागदावर निदान आणि डोस लिहून सही करतात. एवढ्याशा सौजन्यावर किती काय उभं आहे, हे बघून मला जरा धास्तीच वाटली.

गोळ्यांची पट्टी आधीच हातात देऊन ठेवता येत नाही. हात थरथरू नयेत म्हणून मनोविकाराच्या औषधासोबत जी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी देतात, तिला बराकीत नशेसाठी गिऱ्हाईक असतं. म्हणून सगळं मोजून, समोर. यातून वाट काढायला डॉक्टर काही जणांना फ्लुफेनाझिनसारखं लांब पल्ल्याचं इंजेक्शन देतात. त्याचा असर दोन ते चार आठवडे राहतो. माणूस अचानक सुटला तरी अंगात तेवढे दिवस औषध असतं. मानसोपचारतज्ज्ञांनी हे शांतपणे समजावलं, वर म्हणाले, "हे चांगलं वैद्यक आहे असं मी म्हणणार नाही. कोर्टाच्या वेळापत्रकावरचं औषध आहे."

कायदा वाचला तर वाटेल सगळं जागच्या जागी आहे. मानसिक आजार आहे एवढ्याच कारणाने, गुन्हा नसताना, माणसाला तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितलं, ते मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो, प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचार केंद्र हवं. रुग्णालयातून सोडण्याआधी पुढच्या उपचारांचा आराखडा रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून करायचा, असंही त्यात आहे. या कायद्याखालच्या नियमांमध्ये सुटकेनंतरची औषधं, घरच्यांना समज देणं आणि घर नसलेल्यांसाठी निवारा यांचा उल्लेख आहे. आणि त्याच कायद्याच्या कलम १०३ मध्ये एक विलक्षण तरतूद आहे: कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला प्रमाणित करून कळवायचं की या तुरुंगात मानसिक आजार असलेला एकही कैदी नाही. हेतू चांगला, की आजारी माणूस तुरुंगात पडून राहू नये, उपचाराच्या जागी जावा. पण ज्या रकान्यात फक्त 'निरंक' हेच बरोबर उत्तर आहे, तो रकाना भरणाऱ्याने खरी यादी कुठे लिहायची?

खरी यादी कुठेच नसेल तर काय होतं, ते आसामात दिसलं आहे. माचांग लालुंग हा तरुण १९५१ मध्ये पकडला गेला, मनोरुग्णालयात पाठवला गेला, १९६७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी तो बरा असल्याचं कळवलं. सोडण्याऐवजी त्याला गुवाहाटीच्या तुरुंगात धाडलं. खटला कधी चाललाच नाही. तो २००५ साली सुटला, एक रुपयाच्या मुचलक्यावर, चोपन्न वर्षांनी.

ताईंची अडचण लालुंगच्या उलट्या टोकाची आहे आणि ती दरवर्षी वाढते आहे. आदेश वेळेवर पोचत नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्वतःचे आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची 'फास्टर' ही व्यवस्था सुरू केली. जानेवारी २०२३ मध्ये खालच्या कोर्टांनाही सांगितलं: जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात जावी, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने अट सैल करण्याचा विचार करावा. केंद्राच्या २०२३च्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदतीची सोय केली गेली. यातलं प्रत्येक पाऊल योग्यच आहे. कागद अडकला म्हणून माणूस एक तासही आत राहू नये. पण ताईंच्या वहीला तोच अडकलेला वेळ मिळत होता. जामीन मंजूर होणं आणि जामीनदार उभा राहणं यांत पूर्वी दहा-पंधरा दिवस जायचे. त्यात बीडची बहीण मुंबईला येऊन पोचायची. आता ती एसटीत असते तेव्हा भाऊ कुर्ला स्टेशनवर असतो.

निर्दोष सुटणाऱ्यांचं तर आणखी अवघड. मुचलका नाही, जामीनदार नाही, निकाल आला की त्याच संध्याकाळी बाहेर. त्याला औषधासाठी थांबवून ठेवायचा अधिकार कुणालाच नाही, आणि नसावा.

न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न कोर्टात गेला होता. रायकर्स बेटावरच्या तुरुंगातून मानसिक रुग्णांना पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान क्वीन्स प्लाझाला बसमधून उतरवत, हातात दीड डॉलर आणि दोन फेऱ्यांचं मेट्रोकार्ड. १९९९मध्ये खटला भरला गेला, २००३ मध्ये शहराने तडजोड केली आणि सुटकेआधी औषध, डॉक्टरची वेळ, सरकारी मदतीचे अर्ज यांची व्यवस्था लावायचं मान्य केलं. हे मान्य झाल्यावरही ते पाळलं जातंय का, हे बघायला कोर्टाला देखरेखीची माणसं नेमावी लागली. ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की तिथे सुटणाऱ्याची यादी आदल्या दिवशी मिळते का.

कारण त्यांची सगळी मदार एका यादीवर आहे. न्यायविभागात रोज संध्याकाळी उद्याच्या पेशीला कोण कोण जाणार याची यादी निघते, पोलीस गार्ड किती लागेल ते ठरवण्यासाठी. जवळपास वर्षभर तिथले एक तुरुंगाधिकारी त्या यादीची झेरॉक्स ताईंच्या टेबलावर पाठवत. ताई वहीशी नावं ताडून पाहत, औषधवाल्या नावापुढे लाल टिंब देत, आणि सकाळी गाडी निघण्याआधी त्या माणसाच्या हातात कार्ड, अंगात इंजेक्शन, घरी फोन. नियमात हे कुठे लिहिलेलं नव्हतं, साहेबांना पटलं होतं इतकंच. एप्रिलमध्ये त्यांची बदली झाली. नवे साहेब माणूस वाईट नाहीत, पण कोर्टाची यादी बाहेरच्या संस्थेच्या हातात देणं सुरक्षेच्या दृष्टीने बसतं का, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो गैरही नाही. त्यांना लेखी परवानगी हवी आहे, वरून. तेव्हापासून ताईंना सुटलेल्यांची नावं दुसऱ्या दिवशी सकाळी कळतात, बराकीतली रिकामी जागा बघून. मध्यंतरी इंजेक्शन द्यायचं राहिलेला एक जण असाच गेला आणि सात आठवड्यांनी दुसऱ्या गुन्ह्यात परत आला. त्याला ताईंचं नाव आठवत नव्हतं.

त्यांनी अर्ज केला आहे, सोबत जुन्या याद्यांचे नमुने जोडून. आवक क्रमांक पडला आहे. प्रकल्पाचं त्यांचं स्वतःचं कंत्राट मार्चपर्यंत आहे.