अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धकालीन पत्रव्यवहार

उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध केलेल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात (१७७५–८३) वसाहतींचे सेनानी, काँटिनेंटल काँग्रेस ह्या मध्यवर्ती प्रतिनिधिसभेचे सभासद, परदेशांतील वकील व त्यांचे कुटुंबीय यांनी लिहिलेली पत्रे. ह्या युद्धाच्या इतिहासाचे ते एक प्रमुख अस्सल साधन होय. तथापि त्यास केवळ साधन म्हणणे अपुरे ठरते. काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता आणि सरसेनापतीला सैनिक, धान्य व कापड यांसाठी तेरा राज्यांची मनधरणी करावी लागे. अशा परिस्थितीत पत्र हेच कारभाराचे मुख्य हत्यार होते. साहजिकच पत्र कोणी लिहिले, त्याचा मायना काय होता, ते कोणाच्या हाती पडले व किती उशिरा पोहोचले, ह्या गोष्टींनी अनेकदा घटनांना वळण दिले.

युद्धापूर्वीच वसाहतींना पत्राचे सामर्थ्य उमगले होते. १७७२ मध्ये सॅम्युएल ॲडम्सच्या पुढाकाराने बॉस्टन येथे पत्रव्यवहार समिती स्थापन झाली आणि अशा समित्यांचे जाळे इतर गावांत व वसाहतींतही पसरले. २६ जुलै १७७५ रोजी काँग्रेसने स्वतःचे टपालखाते उभारून बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–९०) याची त्याच्या प्रमुखपदी नेमणूक केली. महत्त्वाचे लखोटे मात्र घोडेस्वार हरकाऱ्यांकरवी किंवा ओळखीच्या प्रवाशांबरोबर जात. अटलांटिकपार जाणाऱ्या पत्राच्या अनेक नकला वेगवेगळ्या जहाजांतून पाठविण्याची रीत होती, कारण एखादे तरी जहाज शत्रूला चुकवून पोहोचेल, एवढीच आशा धरता येई.

सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन (१७३२–९९) याच्या छावणीत पत्रलेखनासाठी वेगळे पथकच होते. जोसेफ रीड, रॉबर्ट हॅन्सन हॅरिसन, टेंच टिल्घमन, ॲलेक्झांडर हॅमिल्टन, जॉन लॉरेन्स इ. तरुण अधिकारी त्याचे चिटणीस व साहाय्यक म्हणून काम करीत. वॉशिंग्टनने आशय सांगावा, साहाय्यकाने मसुदा करावा, वॉशिंग्टनने तो दुरुस्त करावा व नंतर शुद्ध प्रत रवाना व्हावी, असा सामान्य क्रम असे. त्यामुळे त्याच्या सहीच्या पत्रांतील शैली पुष्कळदा दुसऱ्याची आहे. धोरण मात्र त्याचेच आहे. हा भेद ध्यानात न घेता केवळ शब्दरचनेवरून त्याच्या स्वभावाविषयी अनुमाने काढणे धोक्याचे ठरते. १७८१ मध्ये रिचर्ड व्हॅरिक याच्याकडे ह्या दप्तराच्या नकला करवून घेण्याचे काम सोपविण्यात आले. १७८३ पर्यंत त्याने व त्याच्या कारकुनांनी सुवाच्य अक्षरांत ४४ खंड सिद्ध केले. युद्ध संपले नसतानाच त्याचे दप्तर पुढील पिढ्यांसाठी लावून ठेवण्याची ही दृष्टी त्या काळी विरळाच म्हणावी लागेल.

मायन्याचा प्रश्न किती गंभीर होता, हे जुलै १७७६ मधील एका प्रसंगावरून दिसते. न्यूयॉर्कनजीक आलेल्या ब्रिटिश आरमाराचा प्रमुख लॉर्ड हौ याने समेटाच्या बोलण्यासाठी वॉशिंग्टनला पत्र धाडले. पण लखोट्यावर त्याचा उल्लेख सेनापती म्हणून न करता ‘श्रीयुत जॉर्ज वॉशिंग्टन’ अशा अर्थाने केला होता. अशा नावाचा कोणी गृहस्थ आपल्या सैन्यात नाही, असे सांगून रीडने ते स्वीकारण्याचे नाकारले. पुढे नावापुढे ‘इत्यादी, इत्यादी’ असे शब्द जोडून पुन्हा प्रयत्न झाला. ह्या शब्दांत सर्व हुद्दे येतात, असे ब्रिटिश अधिकाऱ्याने सांगितले, तेव्हा त्यांत काहीही येऊ शकते, असे उत्तर वॉशिंग्टनने दिले. वरवर पाहता हा मानापमानाचा वाद वाटतो. प्रत्यक्षात बंडखोरांचा म्होरक्या की एका राष्ट्राचा सेनापती, हा युद्धाचा मूळ प्रश्नच त्या लखोट्यावर उभा होता. पेशवाईतील दप्तरांत कोणास कोणता मायना लिहावा, याविषयी जी काटेकोर दक्षता दिसते, तिची मराठी वाचकास येथे सहज आठवण होईल.

सेनानींची परस्परांना लिहिलेली पत्रे ही ह्या संग्रहाची सर्वांत बोलकी, पण सर्वांत अप्रिय बाजू होय. १६ नोव्हेंबर १७७६ रोजी न्यूयॉर्कजवळील फोर्ट वॉशिंग्टन हा किल्ला पडला. त्यानंतर रीडने जनरल चार्ल्स ली याला खाजगी पत्र लिहून त्याच्या निर्णयशक्तीची प्रशंसा केली व सरसेनापतीच्या अनिश्चित वृत्तीबद्दल खेद व्यक्त केला. लीने त्याच सुरात दिलेले उत्तर मुख्य ठाण्यावर आले, तेव्हा रीड बाहेरगावी होता. सरकारी टपाल समजून वॉशिंग्टनने ते फोडले. आपला विश्वासू साहाय्यकच पाठीमागे काय लिहितो, हे त्याला अशा रीतीने कळले. ३० नोव्हेंबर रोजी त्याने ते पत्र रीडकडे पाठवून दिले आणि सोबतच्या चिठ्ठीत, चुकीने फोडल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. रागाचा एकही शब्द तीत नाही. आपले मन दुखावले होते, हे त्याने पुढे जून १७७७ मध्ये रीडलाच लिहिलेल्या पत्रात कबूल केले. ली मात्र १३ डिसेंबर १७७६ रोजी सरसेनापतीच्या कमकुवतपणाविषयीचे आणखी एक पत्र जनरल होरेशिओ गेट्सला लिहून हातावेगळे करतो न करतो तोच ब्रिटिशांच्या हाती सापडला.

पुढील वर्षी असेच प्रकरण अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. सॅराटोगा येथे ऑक्टोबर १७७७ मध्ये ब्रिटिश सैन्य शरण आले. पण विजयी गेट्सने त्याची वार्ता आपल्या सरसेनापतीला न कळविता परभारे काँग्रेसला कळविली. वॉशिंग्टनने अभिनंदनाच्या पत्रातच त्याबद्दल सौम्य नाराजी नमूद केली. त्याच सुमारास टॉमस कॉनवे ह्या अधिकाऱ्याने गेट्सला लिहिलेल्या पत्रात वॉशिंग्टनची निंदा केल्याचे उघडकीस आले. वॉशिंग्टनने आपल्या कानी आलेले वाक्य कॉनवेला चार ओळींच्या पत्रातून कळविले, एवढेच. गेट्स मात्र गडबडला. आपली पत्रे कोणी चोरून वाचली याचा छडा लावण्यास मदत करावी, असे त्याने वॉशिंग्टनलाच लिहिले व त्याची प्रत काँग्रेसला पाठविली. ही बातमी गेट्सचाच साहाय्यक जेम्स विल्किन्सन याच्या तोंडून फुटली होती, असे उत्तर वॉशिंग्टनने तितक्याच उघडपणे काँग्रेसमार्फत रवाना केले. हा कट खरोखर किती संघटित होता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पत्रांच्या लढाईत कोण जिंकला याविषयी ते नाहीत.

ह्याच काळातील व्हॅली फोर्ज येथील पत्रे विशेष प्रसिद्ध आहेत. २३ डिसेंबर १७७७ रोजी काँग्रेसचा अध्यक्ष हेन्री लॉरेन्स (१७२४–९२) यास वॉशिंग्टनने लिहिले, की पुरवठ्याची व्यवस्था तत्काळ सुधारली नाही, तर सैन्याची उपासमार होईल, ते मोडेल किंवा पांगेल. पायांत जोडे व अंगावर पुरेसे कपडे नाहीत म्हणून कामास निरुपयोगी ठरलेल्या सैनिकांची संख्या त्याने २,८९८ अशी नेमकी दिली आहे. हिवाळी छावणीत जाण्यास विरोध करणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळालाही, उबदार खोलीत शेकोटीशेजारी बसून आक्षेप लिहिणे उघड्या टेकडीवर बर्फात झोपण्यापेक्षा सोपे असते, असे त्याने सुनावले. ह्या पत्राची धार काही अंशी हेतुपुरस्सर असावी, असे काही अभ्यासक मानतात. ते खरे धरले, तरी आकडे खोटे ठरत नाहीत. शिवाय ज्याच्यापाशी विनंतीखेरीज दुसरी सत्ता नाही, त्याने विनंती तीव्र करावी हे स्वाभाविकच होते.

शत्रूने पकडलेली पत्रे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. जुलै १७७५ मध्ये जॉन ॲडम्स (१७३५–१८२६) याची दोन पत्रे ब्रिटिशांच्या हाती लागून बॉस्टनमधील वृत्तपत्रात छापली गेली. त्यांपैकी एकात समेटवादी सभासद जॉन डिकिन्सन याच्या क्षुद्र बुद्धीची टवाळी होती. त्यानंतर डिकिन्सनने रस्त्यात भेटूनही ॲडम्सकडे पाहिले नाही. अधिक गंभीर परिणाम हेन्री लॉरेन्सच्या कागदांचा झाला. सप्टेंबर १७८० मध्ये हॉलंडला वकील म्हणून जात असता त्याचे जहाज पकडले गेले. कागदांची थैली त्याने समुद्रात फेकली. पण ती लगेच बुडाली नाही व ब्रिटिश खलाशांनी आकड्याने ओढून वर काढली. तीत डच व्यापाऱ्यांशी योजलेल्या तहाचा मसुदा निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटनने हॉलंडविरुद्ध युद्ध पुकारताना त्याचा आधार घेतला. लॉरेन्सची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये झाली.

पकडण्याजोगे पत्र नसेल, तर ते बनविलेही जाई. १७७७ मध्ये लंडन येथे वॉशिंग्टनच्या नावे सात पत्रांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. तीत तो स्वातंत्र्याविषयी साशंक असल्याचे भासविले होते आणि ती पत्रे त्याचा गुलाम सेवक बिली याजकडे सापडल्याचे म्हटले होते. बिली कधीच पकडला गेला नव्हता. वॉशिंग्टनने दीर्घकाळ मौन पाळले. राष्ट्राध्यक्षपद सोडताना, मार्च १७९७ मध्ये, ती बनावट असल्याचे त्याने परराष्ट्रखात्याच्या दप्तरी लेखी नोंदवून ठेवले.

गुप्त पत्रव्यवहारात सांकेतिक अंक व अदृश्य शाई यांचा वापर होई. न्यूयॉर्कमधील हेरमंडळासाठी बेंजामिन टॉलमेजने १७७९ मध्ये ७६३ अंकांचा संकेतकोश तयार केला. त्यात वॉशिंग्टनचा अंक ७११ होता. लागणारी अदृश्य शाई जॉन जे याचा भाऊ जेम्स जे पुरवीत असे. दुसऱ्या बाजूस बेनिडिक्ट आर्नल्ड (१७४१–१८०१) हा शूर सेनानी मे १७७९ पासून ब्रिटिशांशी सांकेतिक पत्रव्यवहार करीत होता. वेस्ट पॉइंटचा किल्ला शत्रूस देण्याची त्याची योजना २३ सप्टेंबर १७८० रोजी मेजर जॉन आंद्रे याच्या मोज्यांत सापडलेल्या कागदांमुळे फसली. ब्रिटिश युद्धनौकेच्या आश्रयास गेल्यावर आर्नल्डने, आपली पत्नी निरपराध असून तिला संरक्षण मिळावे, असे वॉशिंग्टनला लिहिले. तिचाही त्या व्यवहारात हात होता, हे बऱ्याच काळानंतर ब्रिटिश सेनापती हेन्री क्लिंटनच्या दप्तरातून सिद्ध झाले. आंद्रेने फाशीऐवजी गोळी घालून मरण द्यावे अशी पत्राने विनंती केली. वॉशिंग्टनने तिला उत्तर दिले नाही आणि २ ऑक्टोबर रोजी आंद्रेला फाशी देण्यात आले.

कौटुंबिक पत्रांत जॉन ॲडम्स व त्याची पत्नी ॲबिगेल (१७४४–१८१८) यांच्या पत्रांना तोड नाही. उभयतांची अकराशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. बंकर हिलच्या लढाईच्या तोफा ऐकत, साथीच्या आजारात आपली आई गमावून, शेती व मुले सांभाळीत तिने लिहिलेल्या पत्रांतून युद्धाची घरगुती बाजू दिसते. ३१ मार्च १७७६ च्या पत्रात नवे कायदे करताना स्त्रियांचा विसर पडू देऊ नये, असे तिने पतीला बजावले. त्याने ते हसण्यावारी नेले. २ जुलै हा दिवस पुढील पिढ्या उत्सव म्हणून पाळतील, असे भाकीत त्याने ३ जुलैच्या पत्रात केले. ते दोन दिवसांनी चुकले. जॉन लॉरेन्सने जानेवारी १७७८ मध्ये पित्यास केलेली विनंतीही येथे उल्लेखनीय आहे. आपल्या वाट्याचे गुलाम वारसा म्हणून न देता सैनिक म्हणून द्यावेत, म्हणजे ते लढून स्वातंत्र्य मिळवितील, असे त्याने लिहिले. ती योजना साऊथ कॅरोलायनाने मानली नाही आणि तो स्वतः ऑगस्ट १७८२ मध्ये एका किरकोळ चकमकीत मारला गेला. स्वातंत्र्याची भाषा व गुलामगिरी यांतील विसंगती इतक्या स्पष्टपणे जाणणारी पत्रे ह्या संग्रहात थोडीच आहेत.

युद्धाचा शेवटही पत्रानेच झाला. १७ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथून लॉर्ड कॉर्नवॉलिसने चोवीस तासांच्या तहकुबीची मागणी केली. वॉशिंग्टनने दोन तास दिले. (हाच कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये भारतात गव्हर्नर जनरल म्हणून आला व टिपूविरुद्धच्या युद्धात मराठ्यांचा मित्र झाला.) मे १७८२ मध्ये कर्नल लूइस निकोला याने राजपद सुचविणारे पत्र वॉशिंग्टनला लिहिले. त्याने त्याच दिवशी कडक शब्दांत नकार दिला आणि आपल्या उत्तराची नक्कल साहाय्यकांकडून साक्षांकित करून घेतली. पत्र हा पुरावा आहे, ही जाणीव येथे स्पष्ट दिसते.

पत्नी मार्था हिच्याशी झालेला त्याचा पत्रव्यवहार मात्र जवळजवळ नष्ट झाला आहे. तो तिने मृत्यूपूर्वी (१८०२) जाळल्याचे मानतात. सरसेनापतिपद स्वीकारल्याचे कळविणारे १८ जून १७७५ चे पत्र तेवढे, आणखी एकदोन पत्रांसह, वाचले. जेरेड स्पार्क्सने १८३४–३७ मध्ये वॉशिंग्टनचे लेखन बारा खंडांत प्रसिद्ध केले. पण शुद्धलेखनाबरोबर शब्दही बदलले. एका रकमेस वॉशिंग्टनने पिसवाच्या चाव्याची उपमा दिली होती. तेथे स्पार्क्सने ‘अगदीच अपुरी’ अशा अर्थाचे सभ्य शब्द घातले. त्यावरून पुढे मोठा वाद झाला. जॉन फिट्झपॅट्रिकच्या ३९ खंडांच्या आवृत्तीत (१९३१–४४) वॉशिंग्टनची स्वतःची पत्रे आली, त्याला आलेली नाहीत. व्हर्जिनिया विद्यापीठात १९६८ पासून हाती घेतलेल्या प्रकल्पात दोन्ही बाजू एकत्र देण्यात आल्या. काँग्रेसच्या सभासदांची पत्रे २६ खंडांत (१९७६–२०००) निघाली. २०१३ पासून वॉशिंग्टन, ॲडम्स, फ्रँक्लिन, जेफर्सन, हॅमिल्टन व मॅडिसन यांच्या पत्रांच्या संपादित संहिता संगणकाद्वारे विनामूल्य वाचता येतात.