कॉलेजच्या छताखाली हरवलेला निळा ठिपका

पोकेमॉन गो आठवतोय? २०१६ साली आलेल्या या गेमने जगभरच्या पोरांना फोन घेऊन गल्लोगल्ली फिरवलं. तसाच खेळ गॅदरिंगला कॉलेजच्या इमारतीत, दोन टीम करून खेळायचा ठरवला तर? पहिल्याच जिन्यावर घोडं अडेल. नकाशावरचा तुमचा निळा ठिपका कधी लायब्ररीत, तर कधी पार्किंगमध्ये उड्या मारत बसेल.

यात फोनचा दोष नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून येणारा सिग्नल मुळातच क्षीण, त्यात वर स्लॅब! मोकळ्या मैदानातही फोन चार-पाच मीटरने चुकतो. मग तुम्ही वर्गात आहात की व्हरांड्यात, हे त्याला कळणार कसं?

इथे कॅमेरा कामाला येतो. नोटीस बोर्डाचा कोपरा, खिडकीची चौकट असे ठळक बिंदू तो पकडतो. तुम्ही चालता तसे ते स्क्रीनवर सरकतात. त्या सरकण्याला फोनमधल्या सेन्सरची जोड दिली की तुमची हालचाल मोजता येते. पण सुरुवात कुठून झाली, हे कळायला त्या जागेचा आधी केलेला स्कॅन लागतो. आणि तो सगळ्यांच्या फोनला एकच हवा. नाहीतर तुम्हाला खजिना जिन्याखाली दिसेल आणि मैत्रिणीला भिंतीच्या आत!

नगरच्या रस्त्यांचे फोटो केव्हाच काढून झालेत. जुलै २०२२ मध्ये गूगल स्ट्रीट व्ह्यू भारतात आलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुण्याच्या जोडीला आपलं शहरही होतं. अशा फोटोंवरून फोनची जागा ओळखायची सोय गूगलने त्याच वर्षी अॅप बनवणाऱ्यांना खुली केली. पण ती रस्त्यांची गोष्ट झाली. गेटच्या आतला नकाशा तुम्हालाच करावा लागेल.

करताना दोन गोष्टी सांभाळा. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर कॅमेऱ्याला पकडायला काही सापडत नाही. आणि तिन्ही मजले सारखेच दिसत असतील तर तो हमखास फसतो. उपाय सोपा आहे: दर मजल्यावर वेगळी पोस्टर लावा आणि दिवे चालू ठेवा.

खरा प्रश्न पुढेच आहे. हा नकाशा राहणार कुणाकडे? पोकेमॉन गो बनवणाऱ्या नायँटिकने २०२४ मध्ये सांगितलं, की आपल्याकडे जगभरातल्या १ कोटी जागांचे स्कॅन आहेत आणि त्यातून जागा ओळखणारं एआय मॉडेल तयार होतंय. त्यातले कितीतरी स्कॅन खेळाडूंनीच आपणहून करून दिलेले. खेळता खेळता आपण कुणासाठी तरी कामही करत असतो, ते असं.

म्हणून स्कॅनच्या आधी प्राचार्यांची परवानगी घ्या. हॉस्टेल आणि लेडीज रूमकडे कॅमेरा वळवूच नका. वर्ग रिकामे असताना स्कॅन करा, म्हणजे कुणाचा चेहरा त्यात येणार नाही. स्कॅन कुठे साठतो आणि तो पुसता येतो का, हे अॅपच्या अटींत आधी वाचा. पुसता येत नसेल, तर दुसरं अॅप शोधा.