परकोटातील चांदा

ताडोब्याकडे निघालेला पर्यटक चंद्रपूर बहुधा ओलांडूनच जातो. हे शहर गोंड राजांची राजधानी होते, याची त्याला कल्पनाही नसते. खांडक्या बल्लाळशहाने बल्लारपूरहून राजधानी येथे आणली, अशी परंपरा आहे. इरई आणि झरपट या नद्यांकाठच्या या नगराला दगडी परकोट, त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. दरवाजावरील हत्तीला नमविणारा सिंह हे गोंडांचे राजचिन्ह. त्याखालून आज दिवसभर वाहने जातात.

वेळ थोडा असल्यास अंचलेश्वर मंदिरालगतच्या राजसमाध्या तरी पाहाव्यातच. त्यांतील बीरशहाची भव्य समाधी राणी हिराईने उभारली. पत्नीने पतीसाठी बांधलेले असे स्मारक विरळाच! महाकाली मंदिराच्या उभारणीचे श्रेयही तिलाच दिले जाते. तेथे चैत्रात मराठवाड्यातूनही भाविक येतात.

१७५१ मध्ये चांदा भोसल्यांकडे आणि १८१८ च्या वेढ्यानंतर इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे परकोट झुडपांनी व अतिक्रमणांनी वेढला गेला. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’च्या कार्यकर्त्यांनी श्रमदानाने बुरुज मोकळे करण्यास प्रारंभ केला, तेव्हा अनेक चंद्रपूरकरांनीही ते प्रथमच पाहिले.