वर्गांतील चूक आणि शिक्षकाचा अभ्यास



शिक्षकानें शिकवावें आणि विद्यार्थ्यानें शिकावें, अशी कामाची सरळ वांटणी आपल्या समाजांत रूढ आहे. शिक्षकाचें स्वतःचें शिकणें पदवी आणि प्रशिक्षण यांबरोबर संपलें, असेंहि पुष्कळांस वाटतें. ही समजूत किती अपुरी आहे, हें मी आज एका अगदीं लहान उदाहरणावरून सांगणार आहें. उदाहरण आहे दुसऱ्या इयत्तेंतील संख्यावाचनाचें, आणि प्रदेश आहे नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांचा.

शिक्षकानें ‘त्रेपन्न’ म्हटलें आणि मुलानें पाटीवर ३५ लिहिलें. ‘एकोणतीस’ म्हटलें आणि मुलानें ३१ लिहिलें. अशा चुका नवशिक्या मुलांच्या हातून नेहमीं होतात. त्यांवर फुली मारणें हें क्षणाचें काम आहे. पण त्या चुकीकडे किंचित् थांबून पाहिलें, तर निराळेंच कांहीं दिसूं लागतें. ‘त्रेपन्न’ या शब्दांत तीन आधीं ऐकूं येतात व पन्नास मागाहून. अंकांत लिहितांना मात्र पांच आधीं येतात व तीन नंतर. ‘एकोणतीस’ या शब्दांत तर वीसहि नाहींत आणि नऊहि नाहींत. तिसांत एक उणा, असा त्याचा संस्कृतांतून आलेला अर्थ आहे. तो ज्यास कोणी सांगितला नाहीं, त्या मुलाच्या कानीं ‘एक’ आणि ‘तीस’ एवढेंच पडतें. त्यानें ३१ लिहिले, तर तो मूर्खपणा नव्हे. तो तर्कच होय. बरें, एकोणऐंशी, एकोणनव्वद असा नियम त्यानें स्वतः शोधून काढला, तरी शंभराच्या अलीकडे त्याला ‘एकोणशंभर’ सांपडत नाहीं. तेथें नव्याण्णव उभे असतात!

आतां या दोन जिल्ह्यांचा भूगोल ध्यानांत घ्या. देगलूर, बिलोली, धर्माबाद हा भाग तेलंगणास लागून आहे. उदगीर, देवणी, निलंगा हा भाग कर्नाटकास. या पट्ट्यांत घरीं तेलुगू वा कन्नड बोलणारीं मुलें मराठी शाळेंत येतात. तेलुगूंत तेविसांस ‘इरवै मूडु’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘वीस तीन’. कन्नडांतहि क्रम तोच. आधीं वीस, मग तीन. एकोणतिसांस तेलुगूंत ‘इरवै तोम्मिदि’ म्हणतात, म्हणजे ‘वीस नऊ’. अर्थात् या मुलांच्या घरची बोली आणि पाटीवरचे अंक यांचा मेळ आहे. शाळेंतला शब्द मात्र उलट दिशेनें येतो. उर्दू बोलणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याचे ‘तेईस’ आणि ‘उनतीस’ हे मराठीच्याच वळणाचे असल्यामुळें मराठी मुलाची अडचण तीच त्याचीहि. एकाच बांकावर बसलेल्या तिघांची चूक सारखी दिसली, तरी तिचें मूळ सारखें असेलच असें नाहीं. हें मूळ ज्यास ठाऊक, तोच योग्य उपाय करूं शकेल.

परक्या भाषेंतून शिकण्याचें दुःख मराठवाड्यास नवें नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. प्राथमिक इयत्तांच्या पुढें उर्दू हेंच शिक्षणाचें माध्यम असे, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची शिकवणहि उर्दूंतच चाले. मातृभाषेंतून शिक्षण मिळावें म्हणून ज्या खासगी शाळा लोकांनीं काढल्या, त्यांतच १९२१ सालची हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा होती. स्वामी रामानंद तीर्थ तेथें शिक्षक होते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं हें ओझें वाहिलें, त्या प्रदेशांतील शिक्षकास सीमेवरच्या मुलाचें अडखळणें इतरांपेक्षां लौकर उमजावें, ही अपेक्षा अवाजवी नाहीं.

२०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हां महाराष्ट्रभर वादळ उठलें. मराठी बुडाली, असा कांहींचा आक्षेप होता. गणित समितीच्या अध्यक्षा कै. मंगला नारळीकर यांचें म्हणणें असें, कीं जोडाक्षरांनीं अवघड झालेलीं नांवें मुलांच्या मनांत गणिताविषयीं भीति उत्पन्न करतात. जर्मन भाषेंतहि एकं आधीं व दशक मागाहून बोलतात; तेव्हां ही अडचण एकट्या मराठीची नव्हे. माझ्या मतें रूढ नांवें टाकण्याचें कारण नाहीं, आणि नवी रीत हिणवण्याचेंहि नाहीं. दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या व सुट्या तीन काड्या मुलापुढें ठेवाव्या. त्यास प्रथम ‘वीस आणि तीन’ म्हणूं द्यावें. मग ‘यालाच आपण तेवीस म्हणतों’ असें सांगावें. एकोणतिसांसाठीं तीन जुड्या मांडून एक काडी काढून घ्यावी. शब्दाचा अर्थ मुलाच्या डोळ्यांपुढें उभा राहतो.

पण हें सारें एकट्या शिक्षकानें किती करावें? येथें व्यवसायांतील वाढीचा प्रश्न येतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. जवळपासच्या शाळांचें मिळून केंद्र झालें आणि त्या केंद्राच्या शिक्षण परिषदा भरूं लागल्या. २०२० च्या धोरणानें प्रत्येक शिक्षकाच्या स्वतःच्या शिक्षणासाठीं वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा धरली आहे. तास भरतील, परंतु ते व्याख्यानें ऐकण्यांत व माहितीचे तक्ते भरण्यांत गेले, तर वर्गांत कांहींच पोंचणार नाहीं. जपानांत शिक्षक एकत्र बसून एक पाठ आंखतात, त्यांतील एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे लक्ष ठेवतात आणि मग सर्व मिळून त्या पाठाची चर्चा करतात. आपल्या केंद्रांतहि प्रत्येकानें महिन्यांतून अशा तीन चुका लिहून आणल्या, मुलानें तसें कां केलें हें मुलालाच विचारून आणलें, तर परिषदेस खरा विषय मिळेल.

लातूरचें नांव दहावी-बारावीच्या निकालांमुळें सर्वतोमुखीं झालें. पुनःपुन्हां चांचण्या घेणें, हें त्या ‘पॅटर्न’चें लोकांस दिसणारें अंग. परंतु चांचणीनें केवळ गुण कळतात. उत्तर तसें कां आलें, हें शिक्षकानें पाहिलें तरच ती उपयोगी पडते. हें बारावीस जितकें लागू, तितकेंच दुसरीस. किंबहुना दुसरीस अधिक. कारण ‘मला गणित येत नाहीं’ हा निर्णय मूल स्वतःविषयीं फार लहानपणीं करून टाकतें आणि पुढें तो फिरवणें कठीण जातें.

पालकांनाहि एक विनंती आहे. मुलाच्या वहींत चूक दिसली, तर रागावण्यापूर्वीं ‘हें तूं कसें केलेंस?’ एवढेंच विचारावें आणि उत्तर शांतपणें ऐकावें. शिक्षकाच्या अभ्यासास घरून होणारें साहाय्य याहून मोठें नाहीं.